सलाईनची बाटली आणि रक्तवाहिनीचे अस्तर

"ऑपरेशनला किती बाटल्या लागल्या?" शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला भेटायला येणारा पाहुणा हा प्रश्न हमखास विचारतो. उत्तर 'सात' आले की ऑपरेशन मोठे झाले आणि डॉक्टरांनी भरपूर कष्ट घेतले, असा निष्कर्ष निघतो. उत्तर 'दोन' आले की पाहुण्याच्या कपाळावर आठी पडते. "दोनच? मग अंगात ताकद कशी येणार?" कर्जत काय किंवा खालापूर काय, आपल्याकडे वैद्यकीय सेवेचे माप बाटल्यांवरून काढायची ही रीत फार जुनी आहे. साध्या तापालाही "एक बाटली लावाच" असा आग्रह धरणारे पुष्कळ असतात. मग पोट उघडून केलेल्या ऑपरेशनच्या वेळी तो आग्रह किती पटींनी वाढत असेल, हे सांगायला नको.

वाचकहो, सलाईन हे औषध आहे. योग्य वेळी, योग्य मात्रेत ते जीव वाचवते. पण प्रत्येक औषधाला जशी मात्रा असते तशी ती सलाईनलाही आहे. ती चुकली तर सर्वात आधी इजा पोहोचते ती रक्तवाहिनीच्या आतल्या एका अतिशय नाजूक अस्तराला. हे अस्तर डोळ्यांना दिसत नाही आणि पुष्कळ वर्षे ते साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसले नव्हते. शस्त्रक्रियेच्या वेळी सलाईन किती द्यायचे याविषयी डॉक्टरांचे विचार गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बदलले, त्यात या अस्तराच्या ज्ञानाचाही वाटा आहे. आजचा लेख त्याविषयी.

बाटलीत असते तरी काय?

आपण सरसकट सगळ्याच बाटल्यांना सलाईन म्हणतो. पण त्यांत प्रकार आहेत. ज्याला दवाखान्यात 'एन. एस.' म्हणतात, त्या साध्या सलाईनमध्ये दर लिटरला ९ ग्रॅम मीठ असते. म्हणजे अर्ध्या लिटरच्या एका बाटलीत साडेचार ग्रॅम. मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. याचा अर्थ एका बाटलीतून जवळजवळ दिवसभराचे मीठ थेट रक्तात जाते. आणि ताकद? या बाटलीत ती शून्य असते. एकही कॅलरी नाही.

५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. तिच्यातून सुमारे १०० कॅलरी मिळतात, म्हणजे एका केळ्याइतक्या. खाता-पिता येणाऱ्या माणसाने ताकदीसाठी बाटली लावून घेणे म्हणजे केळे सुईतून खाण्यासारखे आहे.

तिसरा प्रकार 'आर. एल.' म्हणजे रिंगर लॅक्टेट. सिडनी रिंगर या इंग्रज डॉक्टरांनी १८८० च्या दशकात असे क्षारांचे मिश्रण शोधले. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेतील अलेक्सिस हार्टमन या बालरोगतज्ज्ञांनी त्यात लॅक्टेट मिसळले. या बाटलीतील क्षारांचे प्रमाण आपल्या रक्तातील प्रमाणाच्या बरेच जवळ आहे. साध्या सलाईनमध्ये क्लोराइड रक्तातल्यापेक्षा दीडपट असते. त्यामुळे ते फार दिले तर रक्तातील आम्लता वाढते. शस्त्रक्रियेच्या वेळी पुष्कळदा आर. एल. पसंत केले जाते, ते यामुळेच.

कॉलऱ्याने दिलेला धडा

शिरेतून मीठ-पाणी देण्याची कल्पना कॉलऱ्याच्या साथीतून आली. १८३१-३२ मध्ये ब्रिटनमध्ये कॉलरा पसरला असताना विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरांनी रुग्णांचे रक्त तपासले. रक्तातले पाणी आणि क्षार निघून जातात, हे त्यांनी दाखवले. हेच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आले आणि हिंदुस्थानातील तारायंत्राच्या उभारणीमुळे प्रसिद्ध झाले. त्यांचे निष्कर्ष वाचून १८३२ मध्ये स्कॉटलंडमधील थॉमस लाटा यांनी मरणाच्या दारात असलेल्या एका वृद्ध स्त्रीच्या शिरेत मीठ-पाणी सोडले. बुडालेली नाडी परत आली आणि चेहऱ्यावर तेज आले. पण जुलाब चालूच राहिले, पुढे पाणी देणे थांबले आणि काही तासांत ती स्त्री दगावली.

पाणी कमी पडले तर माणूस जातो, हा धडा वैद्यकशास्त्राला तेव्हापासून मिळाला. पाणी जास्त झाले तरीही माणूस जाऊ शकतो, हा दुसरा धडा शिकायला मात्र पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

ऑपरेशनच्या वेळी सलाईन कशासाठी?

शस्त्रक्रियेच्या आधी रुग्णाला उपाशी ठेवलेले असते. शस्त्रक्रियेत थोडेफार रक्त जाते. पोट उघडे असेल तर वाफेवाटेही पाणी जाते, मात्र ते पूर्वी समजत असत त्याहून बरेच कमी असते. याखेरीज भुलीच्या औषधांनी रक्तवाहिन्या सैल पडतात. कमरेत सुई देऊन भूल देतात तेव्हा तर शरीराच्या खालच्या अर्ध्या भागातील रक्तवाहिन्या एकदम फुगतात आणि रक्तदाब खाली येतो. सिझेरियन, हर्निया, हायड्रोसील अशी ऑपरेशने केलेल्या अनेकांनी त्या वेळी मळमळ आणि घेरी अनुभवली असेल. या सर्व कारणांसाठी शिरेत सुई लावून द्रव देणे आवश्यकच असते.

पण रक्तदाब खाली येण्याची कारणे दोन आहेत, हे ध्यानात घ्या. विहिरीतले पाणी आटले तर पातळी खाली जाते, आणि पाणी तेवढेच राहून विहीर रुंद झाली तरीही पातळी खालीच जाते. रक्त गेले असेल तर भर घालावी लागते. रक्तवाहिन्या केवळ सैल झाल्या असतील तर त्यांना पुन्हा आवळणारे औषध देणे अधिक योग्य असते. पूर्वी कमरेतील भुलीआधी एक लिटर सलाईन घाईघाईने देण्याची पद्धत होती. तिचा फारसा उपयोग होत नाही, असे दिसून आले. आज भूलतज्ज्ञ बेताचा द्रव देतात आणि त्याबरोबर रक्तवाहिन्या आवळणारे औषध वापरतात. म्हणून बाटल्या कमी लागतात. हयगय म्हणून नव्हे.

नळी नव्हे, भाताचे खाचर

रक्तवाहिनी म्हणजे एक नळी, अशी आपली समजूत असते. खोपोलीच्या टाटांच्या वीजघरात १९१५ पासून घाटमाथ्यावरचे पाणी पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून लोखंडी पाइपांमधून उतरते. त्या पाइपांत पाणी किती का सोडा, ते पाइपातच राहणार. रक्तवाहिन्या तशा नाहीत. त्यांच्या सर्वात बारीक शाखा, म्हणजे केशवाहिन्या, केसाहूनही कितीतरी बारीक असतात. त्यांची भिंत एकाच पेशीच्या जाडीची असते. या पेशींच्या सांध्यांतून पाणी, क्षार आणि अन्नद्रव्ये बाहेर झिरपावीत, अशीच ती रचना आहे. पण झिरपावे ते मोजूनमापून.

या भिंतीला आपल्या भाताच्या खाचराची उपमा अधिक शोभते. लावणीआधी शेतकरी चिखलणी करतो ती कशासाठी? चिखलणीने मातीची भोके बुजतात, तळाशी गाळाचा गुळगुळीत थर बसतो आणि खाचरात पाणी उभे राहते. चिखलणी नीट झाली नाही तर कितीही पाऊस पडो, पाणी खाली मुरून जाते.

केशवाहिनीतही असाच एक थर असतो. पेशींच्या आतल्या बाजूला, रक्ताला लागून, साखरेच्या साखळ्या आणि प्रथिने यांचे बुळबुळीत, शेवाळासारखे आवरण असते. त्याचे नाव ग्लायकोकॅलिक्स. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ 'गोड टरफल' असा होतो. रक्तातील तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची असते आणि हा थर बहुतेक ठिकाणी एखाद्या मायक्रॉनचा किंवा त्याहूनही पातळ असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्रयोगशाळेत काच तयार करताना हा थर धुऊन जात असे, म्हणून तो दिसत नव्हता. १९६६ मध्ये जॉन लुफ्ट यांनी एक खास रंग वापरून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो स्पष्ट दाखवला.

एवढासा थर करतो काय? पहिले, रक्तातील प्रथिने बाहेर जाऊ देत नाही. प्रथिने पाणी धरून ठेवतात, त्यामुळे रक्तातले पाणी रक्तातच राहते. दुसरे, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या चकत्या विनाकारण भिंतीला चिकटू देत नाही. तिसरे, रक्ताचा प्रवाह किती जोरात वाहतो याची खबर भिंतीतील पेशींना देतो आणि त्यानुसार रक्तवाहिनी सैल किंवा घट्ट होते.

केशवाहिनीतून पाणी आत-बाहेर कसे होते, याचा नियम १८९६ मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी मांडला. त्यांचे वडील मुंबईत न्यायालयीन सेवेत होते. एका बाजूला रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो आणि दुसऱ्या बाजूला प्रथिने ते आत खेचतात, असा तो नियम. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी तो पाठ केला. ग्लायकोकॅलिक्सचे कार्य कळल्यावर या नियमात मोठी सुधारणा झाली. पाणी धरून ठेवण्याचे काम मुख्यतः याच थरापाशी होते, असे आता मानतात.

अस्तर केव्हा झिजते?

मोठी शस्त्रक्रिया ही शरीराच्या दृष्टीने एक मोठी जखमच असते. जखमेमुळे रक्तात दाह निर्माण करणारी रसायने वाढतात. ती या थराचे तुकडे पाडतात. जंतुसंसर्ग रक्तात पसरला, फार रक्त गेले, एखाद्या अवयवाचा रक्तपुरवठा काही काळ बंद होऊन पुन्हा सुरू झाला, रक्तातील साखर फार वाढली, तर हेच घडते. थराचे सुटे झालेले तुकडे रक्ताच्या तपासणीत सापडतात आणि त्यावरून झीज किती झाली याचा अंदाज संशोधक करतात.

अशा वेळी, म्हणजे खाचराचा गाळ आधीच हललेला असताना, वरून बाटल्यांमागून बाटल्या सोडल्या तर काय होईल? निरोगी माणसालाही एक लिटर सलाईन दिले, तर तासाभरानंतर त्यातला साधारण पाव ते एक-तृतीयांश हिस्साच रक्तवाहिन्यांत उरतो. बाकीचे बाहेरच्या पेशीजालात जाते. अस्तर झिजलेले असेल तर गळती आणखी वाढते आणि पाण्याबरोबर प्रथिनेही बाहेर पडतात. रक्तदाब पुन्हा खाली येतो. तो पाहून पुन्हा बाटली लावली की तीही गळते. असे हे चक्र सुरू होते.

याला आणखी एक कारण सांगितले जाते. एकदम फार द्रव आत आला की हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. ताणले गेले की ते एक संप्रेरक सोडतात. त्याचे काम जादा पाणी आणि मीठ लघवीवाटे बाहेर टाकणे हे आहे. पण हे संप्रेरक अस्तराचे तुकडेही पाडते, असे प्रयोगांत दिसले आहे. ऑपरेशनच्या टेबलावरील रुग्णात केवळ जादा सलाईनने किती झीज होते, यावर संशोधकांत पूर्ण एकमत झालेले नाही. परंतु जादा पाणी अंगात साठून होणाऱ्या त्रासाबद्दल कोणाचेही दुमत नाही.

तो त्रास कोणता? चेहरा आणि पाय सुजतात, हे सर्वांना दिसते. आत काय होते ते दिसत नाही. फुफ्फुसांत पाणी झिरपले की धाप लागते आणि प्राणवायू कमी पडतो. आतडे सुजले की ते हालचाल बंद करते, वायू सरत नाही, पोट फुगते आणि आतड्याला घातलेले टाके सैल पडण्याचा धोका वाढतो. कातडीखालची जागा सुजली की जखमेला रक्त नीट पोहोचत नाही आणि ती भरून यायला वेळ लागतो. नातेवाईक म्हणतात, "बघा, बाटल्या चढवल्यावर चेहरा कसा भरला!" तो चेहरा भरलेला नसतो, सुजलेला असतो.

इकडून तिकडे झुकलेला तराजू

सन १९५० च्या सुमारास डॉक्टर शस्त्रक्रियेत सलाईन जपूनच देत असत, कारण ऑपरेशननंतर शरीर स्वतःच मीठ आणि पाणी धरून ठेवते, असे दिसले होते. १९६१ मध्ये अमेरिकेतील टॉम शायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळे मत मांडले. शस्त्रक्रियेत शरीरातले पाणी एका 'तिसऱ्या जागेत' अडकून पडते, म्हणून ते भरून काढले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. तराजू एकदम दुसरीकडे झुकला. व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांना भरपूर द्रव देण्यात आला. मूत्रपिंडे बंद पडण्याचे प्रमाण घटले, पण फुफ्फुसे निकामी होण्याचा एक नवा प्रकार दिसू लागला. तिथल्या एका शहरावरून त्याला 'डा नांग लंग' असे नाव पडले. द्रवाचा अतिरेक हेही त्याचे एक कारण मानले गेले. तरीही पुढे कित्येक वर्षे जगभरच्या ऑपरेशन थिएटरांत सढळ हाताने सलाईन देण्याचीच पद्धत राहिली.

२००३ मध्ये डेन्मार्कमधील डॉक्टरांनी मोठ्या आतड्याचे ऑपरेशन होणाऱ्या १७२ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीप्रमाणे द्रव दिला, तर दुसऱ्याला वजन वाढणार नाही इतक्याच बेताने. पहिल्या गटात ५१ टक्के रुग्णांना काही ना काही गुंतागुंत झाली, दुसऱ्यात ३३ टक्क्यांना. मग 'कमी द्या, कमी द्या' अशी हाकाटी सुरू झाली.

तीही एकांगीच ठरली. २०१८ मध्ये सात देशांतील सुमारे ३,००० रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पोटाचे मोठे ऑपरेशन झालेल्या या रुग्णांपैकी एका गटाला चोवीस तासांत सरासरी ३.७ लिटर द्रव मिळाला, तर दुसऱ्याला ६.१ लिटर. वर्षभरानंतर अपंगत्वाशिवाय जगण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. पण फार हात आखडलेल्या गटात मूत्रपिंडांना इजा होण्याचे प्रमाण ८.६ टक्के होते आणि सढळ गटात ५ टक्के. म्हणजे अतिही नको आणि उपासही नको. खाचर कोरडे ठेवले तर भात वाळतो, आणि पाण्याने तुडुंब भरून बांध फुटला तर तो वाहून जातो. पाणी राखणाऱ्या शेतकऱ्याची नजरच इथे लागते.

आपल्या भागातील काही उदाहरणे

हे सर्व मोठ्या शहरांतील इस्पितळांपुरते आहे, असे समजू नये.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि जुना घाटरस्ता आपल्या खालापूर तालुक्यातून जातात. तिथले अपघात आपल्याला नवे नाहीत. रक्तस्राव झालेल्या जखमीला रस्त्यावरच चार बाटल्या सलाईन चढवले की तो वाचतो, अशी समजूत आहे. सलाईनने उरलेले रक्त पातळ होते आणि गोठण्याची शक्ती कमी होते. अमेरिकेत ह्यूस्टन येथे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोळी किंवा सुऱ्याने धडावर जखम झालेले ५९८ रुग्ण होते. ज्यांना थिएटरमध्ये पोहोचण्याआधी सलाईन भराभर दिले त्यांतील ६२ टक्के वाचले. ज्यांना थांबून दिले त्यांतील ७० टक्के वाचले. वाहनाच्या अपघातात, विशेषतः डोक्याला मार लागला असेल तर, गणित थोडे वेगळे असते. पण मूळ गोष्ट तीच आहे. रक्त गेले असेल तर रक्तस्राव थांबवणे आणि रक्त देणे हा उपाय आहे. रक्तातील प्लाझ्मा झिजलेल्या अस्तराची डागडुजी करतो, असेही प्रयोगशाळेतील संशोधन सांगते. त्यामुळे ज्याला मदत करायची आहे त्याने बाटल्या मोजण्यापेक्षा रक्तदान करावे.

पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढतात. डेंग्यूचा विषाणू याच अस्तरावर घाला घालतो. ताप उतरण्याच्या सुमारास एक-दोन दिवस रक्तवाहिन्या गळू लागतात. तेव्हा द्रव मोजून द्यावा लागतो. पुढे गळती थांबते आणि बाहेर गेलेले पाणी आपोआप रक्तात परत येते. त्या वेळीही बाटल्या चालूच ठेवल्या तर फुफ्फुसे भरतात.

विंचूदंशाचे उदाहरण तर आपल्या रायगड जिल्ह्याने जगाला दिले. लाल विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुफ्फुसांत पाणी भरते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून अशा रुग्णांच्या बारकाईने नोंदी केल्या. त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आले. रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे औषध वापरल्यावर मृत्यू कितीतरी कमी झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचूदंशातील बिघाड वेगळा असला तरी शिकवण तीच आहे. रक्ताभिसरण बिघडले म्हणजे दर वेळी पाणीच कमी पडलेले नसते.

लहान मुलांच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे लागते. २०११ मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानियातील ३,१४१ आजारी मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीव्र ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेल्या या मुलांपैकी ज्यांना सलाईन भराभर दिले त्यांतील १०.५ टक्के ४८ तासांत दगावली. ज्यांना तसे दिले नाही त्यांतील ७.३ टक्के. जुलाब-उलट्यांनी सुकलेली मुले या अभ्यासात नव्हती. त्यांना पाणी आणि क्षार लागतातच.

भूलतज्ज्ञ मोजतात कसे?

रुग्णाचे वजन, वय, हृदय आणि मूत्रपिंडांची अवस्था, ऑपरेशनचा प्रकार आणि गेलेले रक्त यांवरून सुरुवातीचा अंदाज बांधतात. नंतर नाडी, रक्तदाब, हातपायांची ऊब, लघवीची पिशवी यांवर नजर ठेवतात. साठ किलोच्या माणसाला तासाला सुमारे ३० मिलिलिटर लघवी व्हावी, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. मात्र ऑपरेशनच्या ताणाने शरीर काही तास लघवी रोखून धरते. म्हणून केवळ लघवी कमी दिसली की बाटली वाढवायची, असेही करत नाहीत. मोठ्या इस्पितळांत हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर किती रक्त बाहेर पडते हे मोजणारी यंत्रे असतात. थोडा द्रव देऊन पाहायचे, त्याने हे प्रमाण वाढले तरच आणखी द्यायचे. लहान गावात अशी यंत्रे नसली तरी वजनकाटा, लघवीचे माप आणि अनुभवी डोळा असतोच.

गर्भारपणात रक्तदाब वाढलेल्या स्त्रियांत हे अस्तर आधीच बिघडलेले असते आणि फुफ्फुसांत पाणी चटकन भरते. त्यांना सलाईन जाणीवपूर्वक हात राखून देतात. अशा बाळंतिणीच्या नातेवाइकांनी बाटलीचा हट्ट मुळीच धरू नये.

रुग्णाने आणि नातेवाइकांनी काय करावे?

१. उपास मोजून करावा. ऑपरेशन दुपारी असले तरी आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेणारे पुष्कळ असतात. दूरच्या वाडीवरून उपाशीपोटी आलेला माणूस टेबलावर येईपर्यंत सुकून गेलेला असतो. ठरवून केलेल्या ऑपरेशनात साधारणपणे भुलीआधी सहा तास हलका आहार बंद, तळलेले व जड जेवण आठ तास बंद आणि निव्वळ पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, असा आजचा नियम आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाला आईचे दूध चार तास आधीपर्यंत चालते. पण आतड्याला अडथळा असेल, जुना मधुमेह असेल, गर्भवती असेल किंवा ऑपरेशन तातडीचे असेल तर नियम बदलतात. म्हणून आपल्या भूलतज्ज्ञांना "पाणी किती वाजेपर्यंत प्यायचे?" असे स्पष्ट विचारावे आणि तंतोतंत पाळावे. चहात दूध असते, तो पाणी नव्हे.

२. जुने आजार लपवू नयेत. हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब, मधुमेह, चालू असलेल्या गोळ्या हे सर्व भूलतज्ज्ञांना आधी सांगावे. गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती आवर्जून दाखवावी.

३. आदल्या दिवशी वजन करून घ्यावे. ऑपरेशननंतर दोन दिवसांत वजन दोन-तीन किलोंनी वाढले तर ते मांस नव्हे, पाणी असते. ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी.

४. सलाईनची चकती नातेवाइकांनी फिरवू नये. "लवकर संपू दे" म्हणून थेंब वाढवणारे महाभाग प्रत्येक वॉर्डात असतात. वृद्ध आणि हृदयविकाराच्या रुग्णाला हे जिवावर बेतू शकते.

५. धाप लागणे, आडवे झोपल्यावर गुदमरणे, फेसाळ खोकला, चेहरा सुजणे, लघवी सहा तास न होणे यांपैकी काहीही दिसले तर लगेच नर्सला बोलवावे. सकाळच्या राउंडची वाट पाहू नये.

६. डॉक्टरांनी परवानगी दिली की तोंडाने पाणी, पेज, वरणाचे पाणी सुरू करावे. आतड्यातून आलेले पाणी शरीर गरजेप्रमाणे उचलते. पुष्कळ ऑपरेशनांत ही परवानगी आता त्याच दिवशी मिळते. "पोट उघडले आहे, तीन दिवस काही देऊ नका" हा घरातील मोठ्यांचा सल्ला दर वेळी बरोबर नसतो.

७. किती बाटल्या लागल्या, याऐवजी रक्त किती गेले, लघवी किती झाली आणि तोंडाने केव्हा सुरू करायचे, हे तीन प्रश्न विचारावेत. कोणताही डॉक्टर त्यांची उत्तरे आनंदाने देईल.

एक गोष्ट आम्हा डॉक्टरांविषयीही सांगायला हवी. रुग्ण मागतो म्हणून बाटली लावणे सोपे असते. त्याने रुग्ण खूश होतो आणि बिलही वाढते. बाटली का नको, हे समजावून सांगायला मात्र दहा मिनिटे लागतात आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. तरीही ती दहा मिनिटे द्यायला हवीत. आणि वाचकांनीही, पुढच्या वेळी डॉक्टर "बाटलीची गरज नाही" म्हणाले, तर दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढण्याआधी त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे.